संगणकाची घरघर, आजोबांची झोप

"अहो डॉक्टर, आम्ही हाका मारून थकतो तरी अप्पांना ऐकू येत नाही, आणि तो एवढासा पंखा मात्र रात्रभर बरोबर ऐकू येतो!"

गेल्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात एका सूनबाईंनी काढलेले हे उद्गार. शेजारच्या खुर्चीवर त्यांचे सासरे बसले होते. वय ७८ वर्षे, निवृत्त मुख्याध्यापक. सांगलीतील दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळे गावात सगळे त्यांना 'सर' म्हणतात, मीही म्हणते. सुनेचे बोलणे त्यांना नीटसे ऐकू आले नसावे, पण त्याचा सूर कळला होता. ते मान खाली घालून छत्रीच्या मुठीशी चाळा करीत राहिले. तक्रार एवढीच होती : रात्री दोन-अडीचच्या सुमारास लघवीसाठी उठावे लागते, आणि परत आडवे झाल्यावर नातवाच्या संगणकाची घरघर पहाटेपर्यंत डोळा लागू देत नाही. नातू संगणक अभियंता. घर दोन खोल्यांचे, म्हणून त्याचे टेबल आजोबांच्या खोलीत. तो बारापर्यंत काम करतो आणि नंतर यंत्राला रात्रभर चालणारे काम लावून बाहेरच्या खोलीत झोपायला जातो.

त्या दिवशी मी काय केले ते आधी सांगते, कारण हा लेख त्या चुकीतूनच निघाला आहे. बाहेर वीस-बावीस रुग्ण ताटकळत होते. मी सरांचा रक्तदाब मोजला, साखरेचा अहवाल पाहिला, पौरुषग्रंथीच्या गोळ्या चालू आहेत ना, हे विचारून घेतले. संगणकाच्या घरघरीची गोष्ट मात्र वयोमानपरत्वे येणारी किरकिर समजून कानाआड केली. झोपेची एक सौम्य गोळी दहा दिवसांसाठी लिहून दिली. चौथ्या रात्री सर न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडले. हाड मोडले नाही हे सुदैव. कपाळावर चार टाके पडले, मनगट सुजले, आणि कालपर्यंत कृष्णाकाठी फिरायला जाणारा माणूस भिंतीला धरून चालू लागला.

साठीनंतर झोपेच्या गोळ्या, विशेषतः डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या, शरीरातून सावकाश बाहेर पडतात. त्यांचा अंमल मध्यरात्री उठताना असतो आणि सकाळीही उरतो. तोल जाणे, गोंधळणे, विसरायला होणे आणि पडणे हे त्यांचे ओळखीचे परिणाम आहेत. हे मला ठाऊक होते. तरीही हात गोळीकडे गेला. आपल्यापैकी कोणी अशी गोळी अनेक महिने घेत असेल, तर हे वाचून ती एकदम थांबवू नये. अचानक थांबवल्यास अस्वस्थता, थरथर, क्वचित झटकेही येऊ शकतात. आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ती हळूहळू कमी करावी लागते.

टाके पाहण्यासाठी मी त्यांच्या घरी गेले. नातवाला संगणक रात्री असतो तसा चालू ठेवायला सांगितले. खोलीच्या मध्यभागी उभी राहिले तेव्हा आवाज होता, पण तक्रार करावी असा वाटला नाही. सूनबाई माझ्याकडे 'बघा, मी म्हणत नव्हते?' अशा नजरेने पाहू लागल्या. मग सरांची परवानगी घेऊन मी त्यांच्या उशीवर डोके टेकवले. वाचकहो, फरक इतका होता की मी दचकून उठले. संगणकाचे प्लायचे टेबल आणि पलंगाची उशाकडची फळी एकमेकांना चिकटलेली होती. संगणकाचा कंप टेबलात, टेबलातून पलंगात आणि पलंगातून थेट कवटीत उतरत होता. सर अतिशयोक्ती करीत नव्हते. आमच्यापैकी कोणीही त्यांच्या जागी झोपून पाहिले नव्हते, इतकेच.

ऐकू येत नाही, तरी सोसवत नाही

सूनबाईंच्या त्या वाक्यात सांगितलेली विसंगती मात्र खरी आहे, आणि ती अनेक घरांत भांडणाचे मूळ होते. म्हणून तिच्यावर थोडे थांबते.

वयाबरोबर कान मंद होतो तो सगळ्या सुरांना सारखा मंद होत नाही. आधी जातात ते उंच, बारीक स्वर. पक्ष्यांची किलबिल, कुकरची दूरची शिट्टी, आणि बोलण्यातील स, श, त, फ यांसारखी व्यंजने. खालचे, जाड स्वर बराच काळ शाबूत राहतात. संगणकातील जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तिचा गुणगुणाट इतक्या खालच्या पट्टीत असतो की तो ७८ वर्षांच्या कानालाही चांगला ऐकू येतो. सुनेची हाक व्यंजनांवर उभी असते, म्हणून ती निसटते. यंत्राची घरघर खालच्या पट्टीतली, म्हणून ती पोहोचते. त्यात भर अशी की खालच्या पट्टीचा सततचा आवाज वरच्या पट्टीतील क्षीण ध्वनींना झाकून टाकतो. म्हणजे संगणक चालू असताना सरांना सुनेचे बोलणे आणखीच कमी ऐकू येत होते. त्या चिडत होत्या तो त्यांचा 'हट्ट' या पंख्यानेच वाढवला होता.

दुसरी गोष्ट आपण रोज पाहतो. आजोबा म्हणतात, "जरा मोठ्याने बोल." आपण मोठ्याने बोलतो. लगेच आजोबा म्हणतात, "ओरडतोस कशाला, मी काय बहिरा आहे?" हा लहरीपणा नव्हे. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी झिजल्या की हळू आवाज ऐकू येण्याची पातळी वर सरकते. पण आवाज असह्य होण्याची पातळी जिथे होती तिथेच राहते. दोन्हींमधील मोकळी जागा आक्रसते. त्यामुळे काही ऐकू न येणे आणि कर्कश वाटणे यांत फार थोडे अंतर उरते. श्रवणयंत्र लावणाऱ्यांना तर सुरुवातीचे काही आठवडे पंखा, नळ, वर्तमानपत्राची सळसळ, सगळेच अंगावर आल्यासारखे वाटते.

तिसरे कारण झोपेचे. उतारवयात गाढ झोपेचा वाटा कमी होतो, झोप उथळ होते आणि रात्रीत अनेकदा तुटते. तरुणालाही जाग येते, पण तो कूस बदलून पुन्हा झोपतो. वृद्ध माणूस जागा होतो त्या वेळी रस्ता शांत, घर शांत. दिवसा ज्या आवाजाची नोंदही घेतली नसती, तो त्या शांततेत ठळक होतो. एकदा मन त्याच्यावर बसले की पुढचे तासन्‌तास तो मोजला जातो.

ध्वनी डेसिबल या एककात मोजतात. कुजबुज साधारण ३० डेसिबलची, समोरासमोरचे नेहमीचे संभाषण सुमारे ६० चे. दर १० डेसिबलला आवाज कानाला जवळजवळ दुप्पट वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत झोपण्याच्या खोलीतील सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा, असे म्हटले आहे. आपल्या देशातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती घराबाहेरच्या वातावरणासाठी. घरातल्या घरात, उशीपासून हातभर अंतरावर धुळीने भरलेला संगणक घरघरत असेल तर त्याला कोणताही नियम लागू होत नाही. तो घरच्यांनीच सोडवायचा प्रश्न आहे.

छताचा पंखा चालतो, मग हा का नको?

नातवाने मला हा प्रश्न विचारला आणि तो रास्त होता. छताचा पंखा संगणकापेक्षा कमी आवाज करीत नाही. जुना असेल तर जास्तच करतो. मग आजोबा त्याच्याखाली वर्षानुवर्षे सुखाने कसे झोपतात?

एक उत्तर असे, की छताच्या पंख्याचा आवाज रात्रभर एकसारखा असतो. मेंदू अशा आवाजाला सरावतो आणि त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. संगणकाचा पंखा मात्र काम वाढले की चढतो, कमी झाले की उतरतो. प्रत्येक चढउतार मेंदूला पुन्हा नवा वाटतो.

दुसरे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. छताच्या पंख्याचे बटण आजोबांच्या हाताशी असते. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी गोंगाटावर केलेले प्रयोग १९७२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांतील एका प्रयोगात काही जणांना गोंगाटात बसवताना एक बटण दिले होते : अगदीच सहन झाले नाही तर दाबा, आवाज थांबेल; पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबले नाही. आवाज दोन्ही गटांनी सारखाच सोसला. तरीही, ज्यांच्या हाती बटण होते त्यांनी नंतर दिलेली चिवट कोडी अधिक वेळ नेटाने सोडवली आणि मुद्रिते तपासताना कमी चुका केल्या. आवाज थांबवणे आपल्या हाती आहे, एवढ्या जाणिवेनेच त्याचा त्रास हलका होतो.

निवृत्त माणसाच्या हातून एकेक बटण कसे निसटत जाते, ते पाहा. दूरदर्शन संचाचा रिमोट नातवंडांकडे, स्वयंपाकातील तिखट-मीठ सुनेकडे, पासबुक मुलाकडे. अशा स्थितीत स्वतःच्याच खोलीत, स्वतःच्या उशाशी, दुसऱ्याचे यंत्र रात्रभर चालते आणि त्याला हात लावायची सोय नाही. 'घरघर' हा शब्द सर वापरीत होते तो आपण मराठीत शेवटच्या श्वासांसाठीही वापरतो. रात्री तीन वाजता तो मनात आला तर काय वाटत असेल, याचा विचार मी दवाखान्यात केला नव्हता.

आवाज कोठून येतो, ते आधी ओळखा

ज्या डब्याला आपण घरोघरी 'सीपीयू' म्हणतो, त्याच्यावर आवाज चालू असताना तळहात दाबून ठेवा. आवाज बदलला किंवा कमी झाला, तर दोष कंपाचा आहे : पत्र्याचे झाकण सैल आहे, स्क्रू ढिले आहेत, किंवा खालचे टेबल घुमते आहे. सरांच्या घरी पहिला उपाय फुकट होता. टेबल पलंगापासून वीतभर सरकवले. दुसरा उपायही जवळपास फुकटच. नातवाने जुन्या रबरी चपलांचे चौकोनी तुकडे कापून डब्याच्या चार पायांखाली ठेवले. योगासनांच्या जुन्या चटईचा तुकडाही चालतो. एवढ्याने उशीतील कंप जवळजवळ नाहीसा झाला.

नंतर त्याने झाकण उघडले आणि आत धुळीची राखाडी गोधडी निघाली. संगणकाच्या मेंदूवर, म्हणजे प्रोसेसरवर, उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यावर पंखा. पट्ट्यांच्या फटी धुळीने बुजल्या की उष्णता अडकते. यंत्र पंख्याला अधिक वेगाने फिरायला लावते. पंख्याचा वेग दुप्पट झाला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जवळजवळ तिप्पट वाटतो. म्हणून साधी सफाई ही अनेकदा सर्वांत मोठी शांतता आणते. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि दिवाळीच्या साफसफाईत, ती करावी.

तथापि सफाई कोणी करायची, याबद्दल माझा आग्रह आहे. दमा किंवा जुनाट खोकला असलेल्या वडीलधाऱ्यांनी ती करू नये आणि त्या वेळी खोलीत थांबूही नये. घरातील धडधाकट माणसाने संगणक बंद करून, वीजजोडणीची पिन काढून, डबा गॅलरीत न्यावा. नाका-तोंडावर मास्क बांधून रंगकामाच्या मऊ, कोरड्या ब्रशाने किंवा ब्लोअरने धूळ उडवावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती नको इतक्या वेगाने फिरून खराब होतात. ओले फडके अजिबात नको. वीजपुरवठ्याची जी वेगळी पेटी असते, जिला दुरुस्ती करणारे 'एसएमपीएस' म्हणतात, ती कधीही उघडू नये. पिन काढल्यानंतरही तिच्यात धक्का देण्याइतका भार साठलेला असू शकतो.

काही आवाज सफाईने जात नाहीत. सुरू करताना करकर आणि थोड्या वेळाने कमी, असे होत असेल तर पंख्याची बेअरिंग कोरडी पडली आहे; तेल घालून चार दिवस सरतात, पंखा बदलणे हेच खरे. त्याचा खर्च फार नसतो. हार्ड डिस्कमधून ठरावीक अंतराने टक्‌-टक्‌ असा आवाज येऊ लागला तर तो त्रासाचा कमी आणि इशाऱ्याचा अधिक समजावा. त्याच दिवशी छायाचित्रे, बँकेची कागदपत्रे, वैद्यकीय अहवाल यांची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी. अशी डिस्क काढून त्या जागी एसएसडी बसवली की तो गुणगुणाट कायमचा संपतो, कारण एसएसडीत फिरणारा भागच नसतो. वीज गेल्यावर कोकलणारा यूपीएस ही आणखी एक पीडा. क्वचित एखादी अतिबारीक शीळही संगणकातून येते. ती नातवंडांना ऐकू येते, आजोबांना नाही. तेव्हा 'मला तर काही ऐकू येत नाही' हे वाक्य दोन्ही बाजूंनी जपून वापरावे.

जागेविषयी थोडेसे. आवाज बंद व्हावा म्हणून संगणक कपाटात किंवा टेबलाच्या झाकणबंद कप्प्यात कोंडू नका. आत उष्णता कोंडते, पंखा आणखी जोरात फिरतो आणि आवाज वाढतो. डब्याच्या मागे भिंतीपासून वीतभर जागा हवी. आपल्या घरांत यंत्रावर क्रोशाचा रुमाल घालायची हौस असते. चालू यंत्रावर तो नको. यंत्र उशीपासून जितके दूर नेता येईल तितके न्या. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागी आवाज ६ डेसिबलने घटतो. खोलीत भिंतींमुळे काहीसा कमी घटतो, पण घटतो. मात्र यंत्र हलवताना वायरी पलंग ते न्हाणीघर या वाटेवर आडव्या येणार नाहीत, हे डोळ्यांनी पाहून घ्या. घरघर थांबवण्याच्या नादात पाय अडकून खुब्याचे हाड मोडलेले मला पाहायचे नाही.

ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले रुग्ण आहेत, त्यांना हवेच्या गादीचा पंप आणि प्राणवायूचे यंत्र यांचाही असाच त्रास होतो. पंप पलंगाच्या पट्टीला अडकवलेला असतो, म्हणून कंप पलंगात उतरतो. पट्टी आणि पंप यांच्यामध्ये जाड रबराचा तुकडा घालावा. प्राणवायूच्या यंत्रावर मात्र आवाज कमी करण्यासाठी काहीही पांघरू नये आणि ते पडद्याला किंवा भिंतीला चिकटवू नये. त्याला हवा ओढायची असते.

स्मृतिभ्रंश झालेले आजी-आजोबा तर 'मला या आवाजाचा त्रास होतो' असे सांगूही शकत नाहीत. ते फेऱ्या मारतात, पांघरूण ओढतात, चिडतात. औषध वाढवण्यापूर्वी शुश्रूषा करणाऱ्याने एकदा त्यांच्या जागी पाच मिनिटे डोळे मिटून पडून पाहावे.

कानात बोळे घालावेत का, असे मला अनेकजण विचारतात. तरुणांनी प्रवासात घालायला हरकत नाही. वृद्धांसाठी मला ते फारसे पसंत नाहीत. मळ आत ढकलला जातो, आणि रात्री दाराची घंटा किंवा जोडीदाराची हाक ऐकू न येणे धोक्याचे असते.

संगणक बंद केला, तरी आवाज येतोच?

ही परीक्षा प्रत्येक घरी करून पाहावी. संगणक, पंखा, फ्रिज, सारे थोडा वेळ बंद करा आणि शांत बसा. तरीही सूं, चीं किंवा घूं असा आवाज येत राहिला, तर तो यंत्राचा नसून कानाचा आहे. त्याला कर्णनाद म्हणतात. सरांना टेबल सरकवल्यानंतर घरघर थांबली, पण उजव्या कानात एक बारीक 'सूं' उरली. ती आधीपासून असावी. यंत्राच्या आवाजाखाली दडली होती.

कर्णनादाचे सर्वांत साधे कारण म्हणजे कानात घट्ट बसलेला मळ. तो डॉक्टरकडूनच काढून घ्यावा. केसातील पिन, काडेपेटीची काडी, कापसाची काडी यांनी मळ आत सरकतो आणि पडद्याला इजा होते. कोमट तेल ओतण्याची आपली जुनी सवयही सोडावी, कारण पडद्याला छिद्र असेल तर तेल मधल्या कानात जाऊन पू होऊ शकतो. वयोमानाने येणारा बहिरेपणा हे दुसरे मोठे कारण. काही औषधांनीही कर्णनाद होतो : मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिन, फ्युरोसेमाइडसारखी लघवीची औषधे, जेंटामायसिनसारखी इंजेक्शने. हृदयासाठी दिलेली ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन या भीतीने परस्पर बंद करू नये. तिच्यापासून सहसा हा त्रास होत नाही आणि ती बंद करण्याचा धोका मोठा आहे.

पुढील लक्षणे असतील तर थांबू नये. एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत, ऐकू येणे कमी झाले तर ती तातडीची बाब आहे. उपचार जितके लवकर तितकी श्रवणशक्ती परत येण्याची शक्यता अधिक. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, फक्त एकाच कानात असेल, त्याबरोबर चक्कर येत असेल किंवा चेहऱ्याची एक बाजू वाकडी वाटत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. चेहरा वाकडा होण्याबरोबर हातापायाला अशक्तपणा किंवा बोबडे बोलणे असेल तर थेट रुग्णालय गाठावे.

साध्या कर्णनादाला पूर्णपणे घालवणारी गोळी आज उपलब्ध नाही. श्रवणदोष असेल तर श्रवणयंत्राने बोलणे तर सुधारतेच, शिवाय बाहेरचे ध्वनी आत आल्यामुळे कर्णनादही पुष्कळांना मागे पडल्यासारखा वाटतो. रात्री अगदी निःशब्द खोली कर्णनादाला वाढवून दाखवते. अशांनी मंद गतीने पंखा किंवा हळू आवाजातील तानपुरा चालू ठेवावा. म्हणजे एकाला जो आवाज नको, तोच दुसऱ्याला औषध होऊ शकतो. एकाच खोलीत असे दोघे झोपत असतील तर काय करावे, याचे सोपे उत्तर माझ्याकडे नाही. पलंगांची अदलाबदल करून पाहा.

सरांच्या उजव्या कानातून मळाचा खडा निघाला. मिरजेत श्रवणचाचणी झाली, दोन्ही कानांना मध्यम श्रवणदोष ठरला. उजव्या कानाला यंत्र बसवले. पहिले पंधरा दिवस त्यांनी ते डबीतच ठेवले, हेही सांगायला हवे. झोपेची गोळी मी पडल्याच्या दुसऱ्या दिवशीच थांबवली होती. चारच दिवसांची असल्याने तसे करता आले. रात्रीचे पाणी संध्याकाळी सातनंतर थोडे कमी केले, न्हाणीघराच्या वाटेवर मंद दिवा लावला.

आणि नातवाने आपण होऊन एक गोष्ट केली. संगणकाचे पॉवर बटण दाबले की यंत्र बंद न पडता नुसते निद्रावस्थेत जावे आणि काम जिथल्या तिथे राहावे, अशी मांडणी त्याने करून दिली. बटणावर लाल टिकली चिकटवली. आजोबांना म्हणाला, "रात्री त्रास झाला तर खुशाल दाबा. माझे काम सकाळी पुढे सुरू होईल."

गेल्या महिन्यात सर रक्तदाब तपासायला आले. छत्री होती, पण या वेळी काठीसारखी टेकवलेली नव्हती. मी विचारले, "सर, बटण किती वेळा दाबले?"

"दोनदा," ते म्हणाले. "त्यातले एकदा तर उगाच. चालते का ते पाहायला."